तीन नंबरचं किट

आमच्या घरी पहिली गाडी आली तेव्हा तिला एक पेडल कमी आहे ही बातमी दुपारच्या आत कोपर स्टेशनपर्यंत पोचली होती. जमिनीच्या व्यवहारात गाडी देणाऱ्या बिल्डरने आम्हाला फसवलं, असं निम्म्या गावाचं मत पडलं. उरलेल्या निम्म्यांच्या मते पेडल वाटेत कुणीतरी काढून नेलं होतं, कारण गाडी दोन दिवस ठाण्यात रस्त्यावर उभी होती आणि ठाण्याच्या माणसांचा काय भरवसा. जो येई तो आधी गाडीचं दार उघडून खाली वाके, पेडलं मोजे, आणि मयताला आल्यासारख्या आवाजात बाबांना विचारी, "दोनूच हायेत?" बाबा ओटीवरच्या झोपाळ्यावर बसल्या बसल्या म्हणत, "दोनूच हायेत. म्हनून तं घेतली." मग आई चहा टाकी. त्या आठवड्यात आमच्याकडे एवढा चहा झाला की आईने शेवटी वैतागून गाडीची दारं कुलूप लावून बंद ठेवायला सांगितली. लोक मग काचेला नाक लावून मोजू लागले.

दोनच पेडलं असण्याचं महत्त्व आमच्या घराबाहेर कुणाला कळणार नव्हतं. बाबांचा डावा गुडघा वाकत नसे. तरुणपणी मिठागरावर काम करताना ते बांधावरून घसरून उघाडीच्या दगडांवर पडले होते. भरतीचं पाणी खाडीतून आत घ्यायचं किंवा अडवायचं, त्यासाठी बांधात झडपेचं तोंड ठेवतात, ती उघाडी. गावातल्या हाडवैद्याने गुडघा बसवला, आणि असा पक्का बसवला की तो पुन्हा कधी हललाच नाही. तेव्हापासून बाबा कुणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर, पुढे कुणाच्या तरी स्कूटरच्या मागे, डावा पाय बाजूला लांब करून फिरत. जमिनीचा व्यवहार झाला, गाव त्यांना शेठ म्हणायला लागलं, तरी शेठला डोंबिवलीत दाढी करायला जायचं तर आधी कुणाची तरी मनधरणी करावी लागे. क्लच दाबायला डावा पाय लागतो हे कळल्यावर गाडी चालवायचा विषय त्यांनी डोक्यातून काढून टाकला होता. मग व्यवहाराच्या अगदी शेवटी बिल्डरने आपली परदेशी ऑटोमॅटिक गाडी पुढे केली. त्याचे दोन्ही ड्रायव्हर तिला घाबरत, म्हणून ती त्याला नकोशी झाली होती. बाबांनी इंजिन बघितलं नाही, रंग बघितला नाही. त्यांनी खाली वाकून पेडलं बघितली आणि सरळ हो म्हणाले.

पंधरा दिवसांत ते गाडी शिकले. शिकवणारा कुणी नव्हताच, त्यामुळे चुकीचं शिकवणाराही कुणी नव्हता. एका सकाळी कुणाला न सांगता ते एकटेच खाडीकडे गेले आणि तासाभराने मागच्या सीटवर कोलंबीची पाटी ठेवून परत आले. माझ्या जन्मात मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. ओटीच्या पायऱ्या ते नेहमी एक एक करून, भिंत धरून चढत. त्या दिवशीही तसेच चढले, पण शीळ घालत. आईने कोलंबी सोलता सोलता डोळे पुसले आणि कांद्याचं नाव सांगितलं. कांदा अजून चिरायचा होता.

आज माझ्याकडेही ऑटोमॅटिक गाडी आहे. आमच्या इमारतीत निम्म्याहून जास्त तशाच आहेत आणि त्या चालवणाऱ्या एकाही बाईला पेडल कमी असल्याचं दुःख नाही. पण त्या काळी असली गाडी म्हणजे भानगड होती. तिची खोड महिन्याभरातच कळली. सपाटीला ती बरी चाले, पण कोपरच्या पुलावर चढताना गिअर बदलायची वेळ आली की इंजिन ओरडे आणि गाडी मात्र जागच्या जागी सुस्कारे टाकी. एकदा तर ती मागेच घसरायला लागली. मागच्या टेम्पोवाल्याने बाबांच्या सात पिढ्यांची आठवण काढली. बाबा घरी आले ते सरळ पानावर बसले. जेवताना त्यांनी सुकटीकडे बघितलंही नाही, नुसतीच तांदळाची भाकरी तोडत राहिले. गाडी गेली तर पुन्हा स्कूटरची मागची सीट, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

कळव्याला इब्राहिम मिस्त्री म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. मुंबईतल्या परदेशी गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बाबा आणि मी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती चालवून पाहिली, खाली शिरले, आणि हात पुसत बाबांना समजावलं, "शेठ, गिअरबॉक्स चांगला आहे. पण इसके अंदर तेलच सगळं काम करतं. तेल प्लेटच्या बारीक भोकांतून जातं, आतली पकड आवळतं, मग गिअर पडतो. तेल हळू येतं, म्हणून पकड ढिली. शिफ्ट किट टाकावं लागेल. स्प्रिंगा बदलायच्या, भोक थोडं मोठं करायचं. तेल जोरात येईल, गिअर टकाटक पडेल." मला वाटलं बाबांना यातलं काही कळणार नाही. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भोक किती मोटा?" मिस्त्रींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "ते किटवर आहे. हलकं किट घ्या, एक नंबर. पुढचं काही घेऊ नका. एकदा भोक मोठं झालं की छोटं होत नाही, आणि ती प्लेट हिंदुस्तानात मिळत नाही." बाबांनी मान हलवली. किट बाहेरून मागवावं लागणार होतं, आणि बाहेर म्हटलं की आमच्या घरात एकाच माणसाचं नाव निघे.

ते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जगदीश भावोजी. राहायला दिव्याला. भावोजी मस्कतला आठ महिने राहून आले होते. तिथे ते एका हॉटेलच्या धोबीखान्यात चादरी मोजत, पण परत आल्यावर धोबीखाना हळूहळू मागे पडला आणि मस्कत तेवढं उरलं. पंख्यापासून पापलेटापर्यंत कुठलीही वस्तू समोर आली की ते डोळे बारीक करून म्हणत, "आमच्या मस्कतला असलं चालत नाय." मालकाच्या ऑटोमॅटिक गाडीत मागे बसून ते दोनदा बाजारात गेले होते. त्यामुळे ऑटोमॅटिक गाड्यांतलं त्यांना सगळंच कळे. तिकडच्या एका मित्राला पत्र घालून त्यांनी शिफ्ट किटचा छापील कागद मागवला आणि तो कागद घेऊन एका रविवारी ते ताईसह आमच्याकडे जेवायला आले.

आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचा मूर्खपणा कुणाला कळायचा नाही. आमच्या आगरी घरात चारचौघांत जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. जावई म्हणाला दुपारी चांदणं पडलंय, तर सासू आतून म्हणेल, हो बाई, केवढं टिपूर. वर्षभरापूर्वी जेवताना चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, नांग्या आधी काकांच्या ताटात पडल्या आणि मग भावोजींच्या, एवढ्यावरून ते रुसून गेले होते आणि ताईला तीन आठवडे न्यायलाच आले नव्हते. ताई त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी अंगणात उभी राही आणि स्टेशनात लोकल वाजली की केस सारखे करी. शेवटी गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना दिव्याला पाठवून, सव्वा हात लांब माफी मागून तो मामला मिटला होता. आईला तेव्हापासून चिंबोऱ्या शिजवतानाही धडकी भरे.

त्या रविवारी नांग्या बिनचूक पहिल्यांदा भावोजींच्या ताटात पडल्या. जेवणं झाली, काका, शेजारी, गावातले चारसहा जाणते ओटीवर जमले. गाडीचं किट निवडायचंय म्हटल्यावर ज्यांच्याकडे सायकलही नव्हती तेसुद्धा आले. इब्राहिम मिस्त्रींना कुणी बोलावलं नव्हतं. जावई घरात असताना मिस्त्रीला काय विचारायचं? भावोजींनी सफारीच्या खिशातून कागद काढून झोपाळ्यावर पसरला. त्यावर तीन किटं होती, एक, दोन, तीन. काका म्हणाले, टीव्ही घेताना आपण सगळ्यात मोठा घेतला, हळदीला कर्णे सगळ्यात मोठे लावले, मग इथे एक नंबर घेऊन गावात नाक कापून घ्यायचं का? शेजारच्यांना दोन नंबर बरा वाटला, कारण मधला कधीही बरा. भावोजींनी सगळ्यांना बोलू दिलं, मग हात वर करून म्हणाले, "मामा, तीन नंबर. एकदम कडक. आमच्या मस्कतला शेख लोक दुसरं हातच लावत नाय." ओटीवर एकदम समाधान पसरलं.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच होते. औषधाच्या बाटलीपासून मिक्सरच्या पुस्तकापर्यंत सगळं माझ्याकडे येई, आणि कॉलेजात सायन्सला असल्यामुळे माझ्या शब्दाला थोडं वजनही होतं. बाबांनी कागद माझ्याकडे दिला. "वंदे, बग जरा. काय लिवलंय?" मी वाचलं. एक नंबर रोजच्या वापराच्या गाडीला. दोन नंबर ओझं ओढणाऱ्या गाडीला. तीन नंबर फक्त शर्यतीच्या गाडीला, रस्त्यावर वापरू नये, धक्के जबर बसतील. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं की तीन नंबरसाठी प्लेटला पाडलेली भोकं परत बुजवता येत नाहीत. इतकं स्वच्छ इंग्रजी मी त्याआधी आणि त्यानंतर फार थोडं वाचलंय.

मी मान वर केली. भावोजी माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या मानेची शीर नांग्यांच्या वेळी फुगली होती तशी फुगायला लागली होती. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. हातात विड्यांचं ताट, आणि डोळ्यांत ते तीन आठवडे. तिने फक्त नको अशी मान हलवली, इतकी हळू की मलाच दिसावी. मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बाबा, तिन्ही सारखीच आहेत. नंबर नुसते ओळखायला दिलेत." बाबा माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "मंग पावनं सांगतान तं तीनच आनू." ओटीवर विडे फिरले. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. आईला वाटलं, चिंबोऱ्या बाधल्या.

दोन महिन्यांनी मस्कतहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून किट आलं. इब्राहिम मिस्त्रींनी पुडकं उघडलं, नंबर वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "शेठ, ये तो रेस का माल है. मी सांगितलं होतं ना?" बाबा म्हणाले, "घरात ठरलंय, चाचा. तू घाल." मिस्त्री बराच वेळ पुटपुटत होते. त्यांना गाडी बांधायची होती, आमचं घर बांधायचं नव्हतं, त्यामुळे त्यांचा राग मला पूर्ण पटत होता. मी शेजारी स्टुलावर बसून ड्रिलचा आवाज ऐकला. प्रत्येक भोकाला मला वाटे, आता बोलावं. चार भोकं पडली आणि मी चारदा गप्प बसले.

मिस्त्रींचा माणूस गाडी घरी आणून लावून गेला. तिची पहिली फेरी दिव्याला, ताईच्या सासरी न्यायची असं ठरलं. भावोजी स्वतः बरोबर जायला आले. शुभ्र सफारी, खिशात पेन, डोळ्यांवर मस्कतचा काळा चष्मा. आईने विहिणीसाठी चिंबोरीच्या रश्शाचा टोप भरून दिला होता. तो मागे माझ्या पायांशी ठेवायचा होता, पण रस्सा सांडणार नाही याची ग्वाही भावोजींनी स्वतः दिली आणि तो मांडीवर घेऊन ते बाबांच्या शेजारी पुढे बसले. "तीन नंबर टाकलाय, मामी. लोण्यासारखी जाईल." अख्खी आळी बघायला उभी होती. बाबांनी गाडी सोडली. पहिला गिअर ठीक गेला. मग कोपऱ्यावर दुसरा पडला, आणि कुणीतरी मागून बैलगाडी आपटावी तसा दणका बसला. माझं डोकं पुढच्या सीटवर आदळलं. टोपाचं झाकण उडालं आणि पावशेर रस्सा भावोजींच्या सफारीवर गेला.

गाडीत रश्शाचा वास पसरला, आईच्या हाताचा, खोबरं आणि आगरी मसाल्याचा, फार उत्तम. मग भावोजी समोर बघत म्हणाले, "बघितलं मामा? पिकअप!" तिसरा गिअर पडला तेव्हा एक नांगी त्यांच्या खिशातल्या पेनावर जाऊन अडकली. तेव्हा ते म्हणाले, "पॉवर हाय ही पॉवर." शिळफाट्याच्या वळशाने आम्ही दिव्याला पोचेपर्यंत किती दणके बसले ते मी मोजले नाहीत. त्यातल्या एकाही दणक्याला त्या माणसाने चूक म्हटलं नाही. टोपात शेवटी तीन चिंबोऱ्या उरल्या आणि भावोजींच्या अंगावर बाकीचं सगळं. विहीणबाई दारात ओवाळायला आल्या त्या ताट हातात घेऊन नुसत्या उभ्याच राहिल्या. मला हसू आवरेना. मी रुमाल तोंडात कोंबून गाडीतच वाकून बसले, आणि वाकले म्हणून मला ते दिसलं. बाबांचा डावा पाय, जो वाकत नव्हता, तो प्रत्येक दणक्याला पुढच्या पत्र्यावर आपटत आला होता. पायजमा गुडघ्याशी लाल झाला होता. बाबा स्टिअरिंग घट्ट धरून विहीणबाईंकडे बघून हसत होते. माझं हसू तिथेच मेलं.

नंतरचे चारपाच दिवस गाडी अंगणात उभी राहिली. बाबा सकाळी तिच्यावर फडकं मारत आणि परत झोपाळ्यावर येऊन बसत. मुलांनी बॉनेटवर बसायला सुरुवात केली तरी त्यांनी कुणाला उठवलं नाही. एकदा काकांच्या मुलाने बाबांना विचारलं, "दादा, स्कूटरवर सोडू का डोंबिवलीला?" तेव्हा ते नुसते हो म्हणाले आणि पाय बाजूला काढून मागे बसले. त्यांना तसं जाताना बघून मी माडीवर गेले आणि रडले. माझ्या एका वाक्याने मी त्यांची दोन पेडलं काढून घेतली होती.

एका पहाटे त्यांनी मला उठवलं. "चल." आम्ही दोघंच गाडीत बसलो. कल्याण शिळ रस्ता तेव्हा रिकामा असे, दोन्ही बाजूंना गवत आणि मधूनच एखादी कंपनीची भिंत. बाबांनी गुडघ्याला टॉवेल गुंडाळला होता. पहिल्या गिअरच्या शेवटी त्यांनी अॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला. दणका बसला, पण निम्मा. पुन्हा गाडी थांबवली, पुन्हा सुरू केली. पुन्हा उचलला, जरा आधी. तासभर ते हेच करत होते, मान एका बाजूला कलती करून इंजिनाचा आवाज ऐकत. पाणी कधी फिरतं ते बांधावर उभं राहून ऐकत असत, तसे. सूर्य वर आला तेव्हा दुसरा गिअर पडला आणि मला नुसता एक हलका झोका जाणवला. ज्या गाडीला काही करावं लागू नये म्हणून लोक घेतात, त्या गाडीचा प्रत्येक गिअर ते आता पायाने सांभाळत होते. त्यानंतर सतरा वर्षं त्यांनी ती तशीच चालवली. भावोजी पुढच्याच दिवाळीला तिच्यात बसले, एकही दणका बसला नाही, तेव्हा सगळ्यांना म्हणाले, "तीन नंबर सेट व्हायला टाइम लागतो. मी सांगितलेलं." बाबा म्हणाले, "पावन्याचा बरोबर होता." भावोजी त्या दिवशी खूप जेवले आणि ताई खूप हसली.

पण ते पुढचं. त्या पहाटे परत फिरताना मला राहवलं नाही. आमच्यात बापालाही अरेतुरेच करतात. मी म्हणाले, "बाबा, मी तुला खोटं सांगितलं. तिन्ही सारखी नव्हती. कागदावर तीन नंबर घेऊ नका असं चक्क लिहिलेलं होतं."

बाबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "मना म्हाईत हाय."

"मिस्त्री म्हणाले म्हणून?"

"वंदे, उघाडीचं भोक केवढं ठेवायचं ते बघन्यान माझी उमर गेली. तिन्ही सारखीच असती तं तीन बनवली कशाला असती?"

मी विचारलं, "मग ओटीवर बोलला का नाहीस?"

"तू कनासाठी खोटं बोल्लीस?"

"ताईसाठी."

"मंग ती माझी कोन लागते?"

समोर कोपरचा पूल दिसायला लागला. बाबांनी गुडघ्यावरचा टॉवेल सारखा केला, "धरून बस" म्हणाले, आणि चढ सुरू व्हायच्या जरा आधी पाय उचलला.